पडद्यावरचे रान आणि खतावणीतले रान
(निसर्ग-माहितीपटांचा एक अभ्यास)

— बी. कॉम. तृतीय वर्ष, मराठी विभाग

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने निसर्गावरील माहितीपटांविषयी लिहायचे, म्हणजे किराणा दुकानदाराने सतारीवर व्याख्यान देण्यासारखे आहे, असे माझ्या एका मैत्रिणीचे मत पडले. ती विज्ञान शाखेची, तेव्हा तिचा अधिकार मोठा. तरीही मी हा विषय घेतला, त्याला कारण माझी आजी.

आमचे गाव खानापूर तालुक्यात, रानाच्या अगदी कडेला आहे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी दूरचित्रवाणीवर जंगलावरचा एक चित्रपट लागला होता. पहाटेच्या धुक्यातून गव्यांचा कळप बाहेर पडत होता. काळीभोर पाठ, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे पाय, आणि मागे निवेदकाचा गंभीर आवाज. मी भारावून पाहत होते. आजी तांदूळ निवडत बसली होती. तिने मान वर करून पाहिले आणि म्हणाली, "ह्यो बघ, आमच्या भाताचा धनी आला!" आम्ही सारे हसलो. थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "आमचं भात तुडवून गेल्यावर कोण येतंय व्हय चित्र काढायला? तेवढं बी दाखवा म्हणावं."

त्याच आठवड्यात आमच्या खालच्या शेतातले कापणीला आलेले भात गव्यांनी एका रात्रीत आडवे केले होते. भरपाईसाठी अर्ज दिला होता. हा लेख लिहीपर्यंत त्याचे उत्तर आलेले नाही.

तो चित्रपट खोटा नव्हता आणि आजीही खोटे बोलत नव्हती. मग दोन्ही खऱ्यांचा मेळ का बसत नाही? आमच्या विषयात तेरीज जुळली नाही, की सर म्हणतात, "एखादी नोंद राहून गेली असेल, शोधा." निसर्गपटांत कोणती नोंद राहून जाते आणि ती घेतली तर काय घडते, ते शोधण्याचा हा एक प्रयत्न आहे.

माहितीपट म्हणजे काय?

ज्याला आपण माहितीपट किंवा अनुबोधपट म्हणतो, त्याला 'डॉक्युमेंटरी' हे नाव जॉन ग्रिअर्सन या स्कॉटिश समीक्षकाने १९२६ साली रूढ केले. 'डॉक्युमेंट' म्हणजे दस्तऐवज. हा शब्द वाणिज्याच्या विद्यार्थ्याला परका नाही. व्हाउचर, पावती, करारपत्र हे आमचे दस्तऐवज. त्यांच्या आधाराशिवाय कीर्दीतली एकही नोंद हिशेबतपासनीस मान्य करीत नाही. म्हणजे माहितीपटाच्या नावातच पुराव्याची जबाबदारी आहे.

आपल्या देशात १९४८ साली फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि तिचे माहितीपट व वार्तापट चित्रपटगृहांतून मुख्य चित्रपटाआधी दाखवले जाऊ लागले. ते चालू असताना लोक शेंगदाणे घ्यायला बाहेर जात, असे माझे बाबा सांगतात. २०२२ साली ही संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. आज निसर्गपट घरबसल्या आणि हातातल्या मोबाईलवरही दिसतो. त्यामुळे तो पाहायला मिळावा कसा, ही अडचण आता फारशी उरलेली नाही. तो पाहावा कसा, हे मात्र कोणी शिकवत नाही.

सजवलेला ताळेबंद

हिशेबशास्त्रात 'विंडो ड्रेसिंग' नावाचा एक दोष शिकवतात. कंपनीची स्थिती आहे त्याहून बरी दिसावी म्हणून ताळेबंदाची मांडणी करणे, म्हणजे दुकानाची दर्शनी काच सजवणे. हा दोष निसर्गपटांतही शिरला आहे आणि त्याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. १९५८ साली डिस्नी कंपनीचा 'व्हाइट वाइल्डरनेस' हा चित्रपट आला. त्यात लेमिंग नावाचे उंदरासारखे छोटे प्राणी झुंडीने कड्यावरून पाण्यात उड्या घेताना दाखवले आहेत. लेमिंग सामुदायिक आत्महत्या करतात, ही समजूत त्यामुळे जगभर पक्की झाली. चित्रपटाला सर्वोत्तम माहितीपटाचे ऑस्करही मिळाले. पुढे १९८२ साली कॅनडाच्या दूरचित्रवाणीने शोध घेतला, तेव्हा उघड झाले की ज्या भागात चित्रण झाले तिथे लेमिंग राहतच नाहीत. ते विकत आणले होते आणि कड्यावरून चक्क ढकलले होते.

असला उघड खोटेपणा विरळा. पण सजावटीचा एक सौम्य प्रकार फार चालतो, आणि तो म्हणजे नको ते चौकटीबाहेर ठेवणे. जंगल दाखवायचे, पण त्यातून जाणारी विजेची तार दाखवायची नाही. हत्ती दाखवायचा, पण त्याने मोडलेली केळीची बाग नाही. दाखवलेले सारे खरे असते, तरी बेरीज चुकते. आजीची तक्रार याच सदरात मोडते.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात याच्याशी जुळणारी एक कल्पना आहे. पिगू या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालच्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, उत्पादकाच्या हिशेबात न येणारा काही खर्च समाजावर पडत असतो. कारखान्याच्या धुराने शेजाऱ्याचे कपडे काळे झाले, तर धुलाईचा खर्च शेजारी करतो. कारखान्याच्या वहीत त्याची नोंद नसते. यंत्र झिजले तर आम्ही घसारा काढतो. डोंगर झिजला तर त्याचा घसारा कोणी काढत नाही. तो खर्च कोणालातरी दिसेल असा मांडणे, हे काम चांगला निसर्गपट करू शकतो. याची दोन उदाहरणे आपल्या देशातच आहेत.

कुद्रेमुख : डोंगराचा घसारा

पहिले उदाहरण कर्नाटकातलेच आहे. कन्नडमध्ये 'कुदुरे' म्हणजे घोडा. चिक्कमगळूरु जिल्ह्यातल्या एका डोंगराचा आकार घोड्याच्या तोंडासारखा दिसतो, म्हणून तो कुद्रेमुख. सह्याद्रीच्या या भागात वर्षाला सहा-सात हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि तुंगा, भद्रा व नेत्रावती या नद्या याच डोंगररांगांत उगम पावतात. याच डोंगरांत लोहखनिज सापडले.

१९७५ साली इराणशी करार झाला आणि १९७६ मध्ये कुद्रेमुख लोहखनिज कंपनी ही सरकारी कंपनी स्थापन झाली. इराण ६३ कोटी डॉलरचे कर्ज देणार आणि खनिज विकत घेणार, असा व्यवहार ठरला होता. १९७९ साली इराणात क्रांती झाली आणि एकुलते एक गिऱ्हाईक निघून गेले. तरी खाण चालू राहिली, नवी गिऱ्हाईके मिळाली. खनिज दळून, पाण्यात कालवून ६७ किलोमीटर लांबीच्या नळातून मंगळूरच्या बंदराकडे जाऊ लागले. खाणीपाशी शाळा, दवाखाना, बाजार असलेली एक वसाहत उभी राहिली. वहीत पाहिले तर हा उद्योग चांगला होता. परकीय चलन येत होते, लोकांना रोजगार मिळत होता.

वहीत नसलेली बाजू अशी. १९८७ साली भोवतालचे जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले, आणि खाण त्याच्या पोटातच राहिली. एवढ्या पावसाच्या प्रदेशात उघडा पडलेला डोंगर दर पावसाळ्यात वाहून भद्रा नदीत जाऊ लागला. खाली नदीकाठच्या शेतकऱ्याला गढूळ पाणी दिसत होते. पण वर डोंगरात काय चालले आहे, हे निर्णय घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

ते दाखवण्याचे काम २००१ साली शेखर दत्तात्री यांनी केले. मद्रासच्या सर्पोद्यानात उमेदवारी करून चित्रपटांकडे आलेले हे दिग्दर्शक. परदेशी वाहिन्यांसाठी मोठे चित्रपट केल्यानंतर ते एकेका प्रश्नाला वाहिलेल्या लहान चित्रपटांकडे वळले. 'माइंडलेस मायनिंग' हा त्यांचा कुद्रेमुखवरचा चित्रपट जेमतेम बारा मिनिटांचा आहे. त्याच्या नावाचा अर्थ 'अविचारी खाणकाम' असा होईल. हिरव्या डोंगरांच्या मधोमध पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला लाल डोंगर आणि मातीने लाल झालेले पाणी त्यात समोर येते. ज्यांच्या हाती निर्णय होता, त्यांनी तो पाहावा हाच त्याचा हेतू होता.

निवृत्त वनाधिकारी के. एम. चिन्नप्पा यांचा या प्रश्नावरील अर्ज सर्वोच्च न्यायालयात होता. ३० ऑक्टोबर २००२ रोजी न्यायालयाने निकाल दिला आणि २००५ च्या अखेरीस कुद्रेमुखची खाण बंद झाली. बारा मिनिटांच्या चित्रपटाने खाण बंद पाडली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. कायदा होता, तज्ज्ञांचे अहवाल होते, कार्यकर्त्यांची अनेक वर्षांची धडपड होती. चित्रपट हा त्यांच्या हातातला एक दस्तऐवज होता. पण अहवालातला 'गाळ' हा शब्द वाचणे आणि तो गाळ डोळ्यांनी पाहणे यांत फार अंतर आहे.

इथेच थांबले तर माझाही लेख सजवलेला ताळेबंद होईल. खाण बंद झाल्यावर ती वसाहत हळूहळू ओस पडली. ज्यांचे आयुष्य तिथे गेले, त्यांना बिऱ्हाड उचलावे लागले. नदी वाचली ही जमेची बाजू खरी, पण खर्चाच्या बाजूला ही माणसे आहेत. त्यांच्यावर बारा मिनिटांचा दुसरा एखादा चित्रपट निघायला हवा होता, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

'बॅरल'ची 'व्हाली' झाली

दुसरे उदाहरण गुजरातच्या किनाऱ्यावरचे आहे, आणि आजीच्या प्रश्नाच्या ते अधिक जवळ जाते. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. नावात व्हेल असले तरी तो देवमासा नव्हे, शार्कच्याच कुळातला आहे. बारा मीटरपर्यंत, म्हणजे शहर बसएवढा वाढतो, पण खातो पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव आणि लहान मासे. माणसाला त्याचा काही त्रास नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ तो येई आणि मोठ्या संख्येने मारला जाई. यकृताचे तेल होड्यांना पाणी लागू नये म्हणून लाकडावर लावत आणि मांस परदेशी जाई. गळ मारल्यावर तो बुडू नये म्हणून त्याला पिंपे बांधत. त्यावरून कोळ्यांनी त्या माशाचे नावच 'बॅरल' ठेवले होते. जिवंत प्राण्याचे नाव पिंप!

माइक पांडे यांनी हा प्रकार चित्रित करून 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा माहितीपट केला. २००० साली त्याला ब्रिस्टलच्या वाइल्डस्क्रीन महोत्सवात पांडा पारितोषिक मिळाले, ज्याला 'हिरवे ऑस्कर' म्हणतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मे २००१ मध्ये भारत सरकारने व्हेल शार्कला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. या कायद्याने संरक्षण मिळालेला तो पहिला मासा. पुढच्या वर्षी आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले.

कायदा झाला, पण कोळ्याच्या जाळ्यात हा मासा अपघाताने अडकायचा थांबला नाही. त्याला सोडायचे तर जाळे कापावे लागते, आणि जाळे म्हणजे कोळ्याचे भांडवल. निसर्ग वाचवण्याचा खर्च पुन्हा गरिबाच्याच वहीत! ही राहिलेली नोंद पुढे घेतली गेली. २००४ साली वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि गुजरातचे वनखाते यांनी मोहीम सुरू केली. कथाकार मोरारीबापूंनी लोकांना सांगितले की, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी येणारी लेक आहे; लेकीला कोणी मारते का? 'बॅरल' जाऊन 'व्हाली', म्हणजे लाडकी, हे नाव आले. आणि नुसते नाव बदलून भागवले नाही, तर कापलेल्या जाळ्याची भरपाई सरकार देऊ लागले.

या भरपाईची रीत मला सर्वांत आवडली. आधी पंचनाम्यासाठी अधिकारी येईपर्यंत थांबावे लागे आणि तोवर मासा जाळ्यात तडफडे. म्हणून कोळ्यांच्याच हाती कॅमेरे दिले. त्यांनी मासा सोडतानाची छायाचित्रे काढायची, तोच पुरावा, आणि त्यावर भरपाई. ज्या कोळ्यांचे चित्रण एके काळी बाहेरच्या माणसाने केले, त्यांच्याच हातात शेवटी कॅमेरा आला आणि छायाचित्र हेच व्हाउचर ठरले. अशा रीतीने शेकडो व्हेल शार्क समुद्रात परत सोडले गेले आहेत.

आमच्या शेतातल्या आडव्या भाताची छायाचित्रे मीही मोबाईलवर काढून अर्जाला जोडली होती. कॅमेरा दोन्हीकडे होता. फरक इतकाच की, तिथे छायाचित्राचा व्हाउचर म्हणून स्वीकार करणारी व्यवस्था आधी उभी केली होती.

आपल्या डोळ्यांसमोरचे चित्रपट

आता अलीकडच्या चित्रपटांकडे येऊ. 'वाइल्ड कर्नाटका' हा अमोघवर्ष आणि कल्याण वर्मा यांचा चित्रपट जानेवारी २०२० मध्ये चित्रपटगृहांत लागला. इंग्रजी निवेदन डेव्हिड ॲटनबरो यांचे, कन्नड निवेदन ऋषभ शेट्टी यांचे. त्याला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाले. कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणीबरोबर मी तो कन्नडमधून पाहिला. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकल्यामुळे काही शब्द अडले, ते तिने सांगितले. वाघ-हत्तींचे असे चित्रण आपल्या राज्यात होऊ शकते, याचा आम्हा दोघींनाही अभिमान वाटला. मात्र त्या जंगलांच्या कडेला राहणारी आमच्यासारखी माणसे त्यात शोधावी लागतात.

२८ ऑक्टोबर २०२२ रोजी आलेल्या 'गंधद गुडी'मध्ये अमोघवर्ष यांनी वेगळी वाट धरली. पुनीत राजकुमार यांचा हा अखेरचा चित्रपट. त्यांच्या निधनाला एक वर्ष होत असताना तो लागला. कन्नडमध्ये 'गुडी' म्हणजे देऊळ, तेव्हा नावाचा अर्थ चंदनाचे मंदिर. याच नावाच्या १९७३ सालच्या चित्रपटात त्यांचे वडील डॉ. राजकुमार वनाधिकारी झाले होते. एवढा लोकप्रिय नट स्वतः रानातून हिंडतो, घाबरतो, विचारतो, म्हणून एरवी माहितीपटाकडे न फिरकणारे लोकही चित्रपटगृहात गेले.

माणूस चौकटीत आला की चित्र कसे पालटते, ते कार्तिकी गोन्साल्विस यांच्या 'द एलिफंट व्हिस्परर्स'मध्ये दिसते. मुदुमलैच्या थेप्पक्काडू हत्तीछावणीतले बोम्मन आणि बेल्ली हे आदिवासी जोडपे रघू नावाच्या पोरक्या पिल्लाला वाढवते, एवढीच गोष्ट. मार्च २०२३ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. शौनक सेन यांच्या 'ऑल दॅट ब्रीद्स'मध्ये तर जंगलच नाही. दिल्लीच्या काळवंडलेल्या हवेतून खाली पडणाऱ्या घारींवर दोन भाऊ तळघरात उपचार करतात. त्याच तळघरात त्यांचा साबणद्रावाची यंत्रे बनवण्याचा छोटा धंदा चालतो. घारींच्या औषधपाण्याचा खर्च आणि धंद्याची मिळकत एकाच छपराखाली दिसते, म्हणून वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी हा चित्रपट जरूर पाहावा.

पाहणाऱ्याने विचारायचे तीन प्रश्न

या सगळ्यावरून कोणताही निसर्गपट पाहताना विचारावेत असे तीन प्रश्न मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहेत. पहिला, चौकटीबाहेर काय ठेवले आहे? दुसरा, हा निसर्ग राखण्याचा खर्च कोणाच्या वहीत पडतो? तिसरा, चित्रपट संपल्यानंतर पुढे काय घडले? पहिल्या प्रश्नाने सजावट उघडी पडते. दुसऱ्याने आजीच्या भाताला जागा मिळते. तिसऱ्याने कळते की, तो चित्रपट नुसती करमणूक होता की दस्तऐवज.

शेवटी एक सूचना करते. आपल्या महाविद्यालयात हातात कॅमेरा नसलेला विद्यार्थी आता शोधून सापडणार नाही. आणि विषयासाठी भीमगडापर्यंतही जायला नको. शहराच्या कडेने बळ्ळारी नाला वाहतो. शहराचे सांडपाणी त्यात येते, पावसाळ्यात तो फुगला की येळ्ळूर, वडगाव, शहापूर भागातल्या भातशेतीत पाणी शिरते, आणि ज्या बासमतीसाठी ही शिवारे नावाजलेली ती पाण्याखाली जाते. शहराच्या हिशेबात न येणारा खर्च शेतकऱ्याच्या वहीत कसा पडतो, याचे याहून जवळचे उदाहरण नाही. मराठी आणि कन्नड विभागांनी मिळून त्यावर बारा मिनिटांचा एक चित्रपट करावा. निवेदन दोन्ही भाषांत असावे, कारण नाल्याचे पाणी बांधावरच्या माणसाला त्याची मातृभाषा विचारत नाही. हिशेबाचे काम वाणिज्य शाखेकडे सोपवावे. मी माझे नाव आत्ताच देते.

सुट्टीत घरी गेले की आजीला तो दाखवीन. तिला तो आवडेल की नाही, सांगता येत नाही. पण "तेवढं बी दाखवा म्हणावं," असे तिला पुन्हा म्हणावे लागू नये, एवढी खबरदारी आपण नक्की घेऊ शकतो.